आफ्रिकेचा उठावाचा नकाशा: आधी पठार, शिखरे शेवटी

आफ्रिका खंडाचा उठावाचा नकाशा करायला घेतला की बहुतेकांचा हात आधी किलिमांजारोकडे जातो. फळीवर किनारा आखायचा, मधे मातीचे चार-पाच डोंगर चिकटवायचे, निळ्या रंगाने नाईल आणि काँगो ओढायच्या की झाले. असा नकाशा दिसतो छान, पण तो आफ्रिकेचा नसतो. या खंडाला हिमालयासारखा किंवा अँडीजसारखा कणा नाही. तरुण वली पर्वत एकच, तोही वायव्य कोपऱ्यातला ॲटलास. बाकीचा खंड म्हणजे फार जुन्या खडकांचे एक पसरट पठार. ते कुठे बशीसारखे खोलगट आहे, कुठे फुगलेले, कडेला तुटलेले आणि पूर्वेला उसवत चाललेले. नकाशा घडवण्याचा क्रमही तोच ठेवायचा. आधी पठार, मग बश्या, मग कडे, मग खचदऱ्या. शिखरे अगदी शेवटी, तीही टाचण्यांनी.

प्रमाण आणि पुठ्ठा

१ सेंमीला १०० किमी हे प्रमाण घ्या. खंड उत्तरेला ३७° २१′ पासून दक्षिणेला ३४° ५०′ पर्यंत पसरला आहे, म्हणजे सुमारे ८,००० किमी. पश्चिमेच्या सेनेगलमधल्या टोकापासून पूर्वेच्या सोमालियातल्या रास हाफुनपर्यंत सुमारे ७,४०० किमी. म्हणजे नकाशा ८० × ७४ सेंमीचा होईल आणि ३ × ३ फुटी, ६ मिमी जाडीच्या प्लायवर आरामात मावेल. मादागास्करला वेगळी जागा ठेवावी लागत नाही, ते याच चौकटीत बसते.

खरी अडचण उंचीची आहे. याच प्रमाणात किलिमांजारो, म्हणजे ५,८९५ मीटर, जेमतेम ०.६ मिमी भरतो. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत एवढा. त्यामुळे उंची फुगवावीच लागते. ५०० मीटरला ३ मिमीचा एक थर धरला की उभे प्रमाण आडव्याच्या ६० पट होते. हिशेब सोपा आहे: मीटरला ६ ने गुणा, १,००० ने भागा, मिलिमीटर मिळतात. हे सूत्र पुढे सतत लागेल, फळीच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवा.

थरांसाठी तीन पदरी खोक्याचा पुठ्ठा उत्तम. त्याची जाडी मात्र प्रत्येक खोक्यागणिक बदलते. दहा तुकडे एकावर एक ठेवून हलके दाबा आणि मोजा. ३० मिमी भरले तर ठीक. २५ मिमी भरले तर प्रत्येक थर अडीच मिमीचा धरा, ६ ऐवजी ५ ने गुणा आणि सूचीत ५० पट असे लिहा. दोन वेगळ्या जाडीचे पुठ्ठे एकाच नकाशात मिसळले तर कुठलीच उंची जुळत नाही. थर्माकोल वापरू नका. तो धारदार पात्यानेही दाणेदार फाटतो, आणि द्रावकाचा गोंद किंवा स्प्रेचा रंग लागला की चक्क विरघळतो.

बाकी सामान थोडके आहे: पांढरा गोंद अर्धा किलो, पाव किलो जुनी वर्तमानपत्रे, पाव किलो खडूची भुकटी, दोन चमचे मेथीची पूड, मोडत्या पात्याचा कटर, कार्बन पेपर, ॲक्रिलिक रंग आणि रंगीत डोक्याच्या लांब टाचण्या.

समोच्च रेषा कुठून घ्यायच्या

संगणकावर करणार असाल तर एसआरटीएमची उंचीची माहिती फुकट मिळते. अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने ती मोजली. कोनाच्या ३० सेकंदांच्या जाळीची, म्हणजे साधारण १ किमी चौकोनांची आवृत्ती या कामाला पुरते. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत ती उघडा आणि आफ्रिकेसाठीच्या ॲल्बर्स समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ खरे राखणाऱ्या, प्रक्षेपणात बदला. त्याच वेळी चौकोन १ किमीवरून १० किमी करा आणि सरासरी घ्यायला सांगा. ही पायरी गाळली की ५०० मीटरची रेषा प्रत्येक ओढ्यात शिरते आणि कटरने कापणे अशक्य होते. नकाशावर १० किमी म्हणजे १ मिमी, त्याहून बारीक हात चालत नाही. मग ५०० मीटरच्या अंतराने समोच्च रेषा काढा आणि ३ मिमीपेक्षा लहान बेटे पुसून टाका.

वेब मर्केटर प्रक्षेपण तसेच ठेवण्याची चूक फार जण करतात. त्यात ३५ अंशांवर प्रत्येक लांबी सुमारे २२ टक्के जास्त दिसते, म्हणजे क्षेत्रफळ दीडपट. मोरोक्को आणि दक्षिण टोकाचा केप फुगतात, काँगो खोरे आकसते. नकाशा बरोबर आहे का हे मोजून पाहता येते. मादागास्करसह खंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३.०३ कोटी चौ. किमी आहे आणि आपला १ चौ. सेंमी म्हणजे १०,००० चौ. किमी. छापलेल्या किनाऱ्याच्या आत साधारण ३,०३० चौ. सेंमी भरायला हवेत.

छपाई प्लॉटरवर ए-शून्य आकारात करून घेतली की काम एका कागदात होते. घरच्या प्रिंटरवर ए-फोर जोडून करणार असाल तर ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, आणि नकाशासोबत १० सेंमीची एक रेघ छापून पट्टीने तपासा.

शालेय नकाशासंग्रहावरून चौकटी आखून मोठा नकाशा काढणेही चालेल. तिथला सापळा वेगळा आहे. त्यातल्या रंगांच्या पायऱ्या बहुधा २००, ५००, १,०००, २,०००, ३,००० अशा असमान असतात. एका रंगाला एक थर असे धरले तर ३०० मीटरची पायरी आणि १,००० मीटरची पायरी सारख्याच जाडीची होते, आणि उंच इथिओपिया चेपून काँगोच्या जवळ येतो. १,००० ते २,००० या पट्ट्याला दोन थर द्यायचे. मधली १,५०० ची रेषा अंदाजाने ओढावी लागली तरी चालते.

किनारा, आणि त्याच्या खालचे दोन थर

किनाऱ्याच्या रेषेवर एक नाही, दोन पुठ्ठे कापा. वरच्याचा माथा म्हणजे समुद्रसपाटी, ० मीटर. खालचा पुठ्ठा उणे ५०० वरून उणे १,००० पर्यंत जातो. हे दोन थर दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पुढे टांगानिका सरोवर करता येत नाही. या सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून ७७३ मीटरवर आहे आणि खोली १,४७० मीटर. म्हणजे खंडाच्या पोटातल्या या सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे ७०० मीटर खाली आहे. सूत्राप्रमाणे ४.२ मिमी. सपाट फळीवर थर चढवत गेलात तर एवढे खोल जायला जागाच उरत नाही.

कापताना लक्षात येईल की हा किनारा फारसा दंतुर नाही. नॉर्वेसारखी कातरकाम केलेली टोके इथे नाहीत, खाड्या कमी आणि समुद्रबूड जमिनीची कड बहुतेक ठिकाणी अरुंद. गोंडवन हा प्राचीन महाखंड तुटताना खंडाची कड सरळ फाटत गेल्याचा हा परिणाम. त्यामुळे पुठ्ठ्याची उभी कड तशीच ठेवली तरी चूक नाही. मादागास्करचा पूर्व किनारा तर पट्टी लावून कापावा इतका सरळ आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारत त्याच बाजूने त्याच्यापासून सुटा झाला.

बश्या आणि फुगवटे

५०० मीटरचा थर कापायला घेतला की आफ्रिकेचे दोन भाग हातात येतात. अंगोलाच्या किनाऱ्यापासून लाल समुद्रापर्यंत तिरकी रेघ ओढा. रेघेच्या आग्नेयेला पुठ्ठा जवळजवळ अखंड, वायव्येला नुसती बेटे. याला भूगोलात उच्च आफ्रिका आणि निम्न आफ्रिका म्हणतात. सहारात या थराची अहाग्गार, तिबेस्ती आणि दारफूर ही मोठी बेटे येतील. तळचे जुने कवच वर फुगले आणि त्या फुगवट्यांवर ज्वालामुखी पेटले, असा या तिघांचा सारखाच इतिहास आहे.

अखंड तुकड्यात काँगोची बशी कापून काढायची आहे. तिचा तळ ३०० ते ४०० मीटरवर, म्हणून ५०० च्या थरात दहाएक सेंमीचे भोक पडते. इथे थांबा. या भोकातून अटलांटिककडे एक फट जायलाच हवी, कारण काँगो नदी किन्शासाजवळच्या मालेबो तळ्यापासून मताडीपर्यंत सुमारे २७० मीटर खाली उतरते. हाच लिव्हिंगस्टन धबधब्यांचा टापू. १० किमीच्या सरासरीत ही अरुंद घळ बुजून जाते आणि संगणक बशी बंद दाखवतो. कटरने १ मिमीची फट स्वतः उघडा. बशी, तिची कड आणि कडेला फोडून निघालेली नदी, आफ्रिकेतल्या मोठ्या नद्यांचा हा नमुनाच आहे. समुद्रातून आत शिरलेली जहाजे शतकानुशतके याच कडेला येऊन अडली.

काँगोच्या ईशान्येला पांढऱ्या नाईलचा सखल भाग उत्तरेकडून आत शिरतो. खार्टूम ३८० मीटरच्या आसपास आणि त्याच्या दक्षिणेला सुद्दची दलदल. या दोन सखल भागांच्या मधे ५०० च्या थराची चिंचोळी पट्टी उरते. ती काँगो-नाईल जलविभाजक. उचलताना तुटते, म्हणून कापण्याआधीच तिच्या मागे चिकटपट्टी लावा.

चाडची बशी समोच्च रेषेत नीट दिसत नाही, कारण तिच्याभोवतीची कड सलग ५०० च्या वर नाही. शिवाय बशीचा सर्वात खोल भाग चाड सरोवरात नाही, ईशान्येला कोरड्या बोडेले खळग्यात आहे. सरोवर पूर्वी खूप मोठे होते तेव्हा पाणी तिथे साचत असे. नकाशावर चमच्याच्या पाठीने पुठ्ठा हलका दाबून बोडेले करायचे आणि सरोवर त्याच्या नैऋत्येला थोडे वर. इजिप्तचा कट्टारा खळगाही चमच्यानेच. उणे १३३ मीटर म्हणजे ०.८ मिमी. पुठ्ठ्याच्या आतल्या नाळी एवढ्या दाबाने बसतात आणि पुन्हा उठत नाहीत.

कलहारीची बशी सर्वात फसवी. ती बशी आहे खरी, पण उंचावरची. ओकाव्हँगो नदी तिथे सुमारे ९४० मीटरवर पसरते, म्हणून भोक ५०० च्या नाही तर १,००० च्या थरात पडते. कलहारी वाळवंट आहे म्हणून त्याला समुद्रसपाटीला नेऊन बसवलेले पुष्कळ नमुने दिसतात.

१,५०० च्या वर काम झपाट्याने उरकते. इथिओपियाचे दोन भले मोठे तुकडे, केनियातल्या खचदरीचे खांदे, रवांडा-बुरुंडी, अंगोलातले बिये पठार, नामिबियात विंडहुकभोवतीचा भाग आणि दक्षिण आफ्रिकेतला हायव्हेल्ड. ३,००० पर्यंत पुठ्ठा चालवा, त्यापुढे तुकडे नखाएवढे होतात.

कडा

अंगोलापासून नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि पुढे झिंबाब्वे-मोझांबिक सीमेपर्यंत पठाराची कड एका मोठ्या कड्याने तुटते. समुद्राच्या बाजूने डोंगर, वर चढले की सपाटी. कोकणातून घाट चढून देशावर आलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दक्षिण आफ्रिका-लेसोथो सीमेवरचा ड्रॅकेन्सबर्ग दुरून सह्याद्रीसारखा दिसतो आणि कारणही मिळतेजुळते आहे. दोन्ही ठिकाणी लाव्ह्याच्या थरांचे पठार आहे, आणि खंड फाटल्यावर तयार झालेल्या किनाऱ्याकडून कडा झिजत मागे सरकला आहे. फरक वयाचा. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, लेसोथोचा सुमारे १८.३ कोटी. ड्रॅकेन्सबर्गमध्ये काळ्या बेसाल्टच्या पायथ्याशी फिक्या वालुकाश्माचा पट्टा उघडा पडलेला दिसतो. रंगवताना तो विसरू नका.

नकाशात इथे २,०००, २,५०० आणि ३,००० च्या कडा जवळजवळ एकावर एक येतात. तीन थर एकाच रेषेत कापले गेले तर घाबरू नका, कडा तसाच आहे. पुढे लगदा भरताना मात्र इथे उतार करायचा नाही. भिंत उभीच ठेवायची. याच पठाराचा सर्वोच्च बिंदू, लेसोथोतला थाबाना न्टलेन्याना, ३,४८२ मीटर. नाव डोंगराचे असले तरी हा पठाराचाच झिजून उरलेला माथा आहे.

खचदऱ्या, चिकटवण्याआधी

इथे क्रम चुकला की दुरुस्ती नाही. थर चिकटवल्यावर खचदरी कोरायला गेलात तर कटर पुठ्ठ्याच्या नाळींत अडकतो आणि कड फाटते. सगळे थर सुटे असतानाच प्रत्येकात दरीची फट कापून घ्या, मग एकावर एक ठेवून फटी जुळतात का पाहा.

पूर्व आफ्रिकेची खचदरी म्हणजे एक रेषा नव्हे. अफारच्या त्रिकोणात लाल समुद्र, एडनचे आखात आणि इथिओपियाची दरी या तीन फटी एकत्र येतात. तिथून दक्षिणेला पूर्वेची शाखा इथिओपिया आणि केनियातून टांझानियात जाते. पश्चिमेची शाखा आल्बर्ट, एडवर्ड, किवू, टांगानिका अशी कमानीने फिरून मलावी सरोवरापर्यंत जाते. दोघींच्या मधल्या खोलगट भागात व्हिक्टोरिया सरोवर. ते खचदरीत नाही. क्षेत्रफळ जवळपास ६८,८०० चौ. किमी असूनही खोली ८० मीटरच्या आसपास, म्हणजे नकाशावर अर्धा मिमी. त्यासाठी कापायचे काहीच नाही, नुसता निळा रंग पुरे. टांगानिकाशेजारी व्हिक्टोरिया ठेवले की खचलेली आणि नुसती वाकलेली जमीन यांतला फरक बोटाला कळतो.

दरीची रुंदी बहुतेक ठिकाणी ४० ते ६० किमी, म्हणून फट ४ ते ६ मिमीची ठेवा. टांगानिकासाठी सगळे थर कापा, तळचे दोन्हीही. लांबी ६.७ सेंमी. दोन्ही थर कापले की तळ उणे १,००० वर जातो, मग १.८ मिमी लगदा भरून तो उणे ७०० वर आणा. मलावी सरोवर ७०६ मीटर खोल आणि पाणी ४७० च्या आसपास, तळ उणे २३० मीटरच्या सुमारास. तिथे वरचा एकच किनारथर कापा आणि १.६ मिमी लगदा भरा.

पूर्वेच्या शाखेत तळ सपाट धरू नका. केनियात नैवाशाजवळ तो १,८८० मीटरच्या वर आहे, तुर्कानाला सुमारे ३६०, आणि अफारमध्ये जिबूतीच्या असाल सरोवराशी उणे १५५. त्यामुळे नैवाशाशी फट फक्त २,००० च्या वरच्या थरांतून जाईल, तुर्कानाशी ५०० च्या थरातूनही. असालसाठी पुन्हा चमचा, ०.९ मिमी. दरीच्या दोन्ही बाजूंचे खांदे आजूबाजूच्या पठारापेक्षा उंच असतात. जमीन आधी फुगली आणि मग फुगवट्याच्या माथ्यावर तडकली. खांदे सपाट ठेवले तर दरी नांगराच्या तासासारखी दिसते.

हे उसवणे आजही चालू आहे. इथिओपियात दोन भूपट्ट वर्षाला काही मिलिमीटर वेगाने दूर जात आहेत. पण सप्टेंबर २००५ मध्ये अफारमधल्या दब्बाहूजवळ सुमारे ६० किमी लांबीच्या पट्ट्यात मॅग्मा शिरला आणि जमीन काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत फाकली. आपल्या नकाशावर ती जागा ६ मिमी लांब आहे. पेन्सिलने खूण करून ठेवण्यासारखी.

चिकटवणे आणि लगदा

गोंद पातळ करू नका. पाण्याने पुठ्ठा फुगतो आणि वाळताना एका बाजूने वळतो. गोंद कडेपासून ५ मिमी आत, पातळ, दोन्ही पृष्ठांना लावा. एका थराच्या नाळी उभ्या असतील तर पुढच्याच्या आडव्या ठेवा, म्हणजे वळण्याचे जोर एकमेकांना मारतात. प्रत्येक थरावर प्लायचा तुकडा आणि वजन ठेवून रात्रभर ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस.

लगद्यासाठी कागदाचे कपटे रात्रभर भिजवा, सकाळी मिक्सरमधून काढा आणि फडक्यात घट्ट पिळा. त्यात २०० ग्रॅम गोंद, खडूची भुकटी आणि मेथीची पूड मळा. कागदाच्या लगद्याच्या जुन्या टोपल्यांमध्ये मेथ्या वाटून घालत. त्याने चिकटपणा येतो आणि कसरही लवकर लागत नाही. लगदा चपातीच्या कणकेपेक्षा किंचित सैल हवा. पाणी सुटत असेल तर पुन्हा पिळा, नाहीतर वाळताना भेगा पडतात आणि खालचा पुठ्ठा भिजतो.

आता सर्वात जास्त चुकणारी जागा. प्रत्येक थराच्या वरच्या कडेची उंची म्हणजे त्या रेषेची उंची. लगदा पायरीच्या पोटात भरायचा, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत उतरता. पायरीच्या माथ्यावर लगदा चढवला की अख्खा खंड दोन-तीन मिमी उचलला जातो. टाचणीने कड चाचपा. कड टोचली पाहिजे, बुडालेली नको. एका वेळी ५ मिमीपेक्षा जाड थर देऊ नका.

पीओपी हवेच असेल तर आधी पुठ्ठ्याला गोंदाचा हात द्या. पाण्यात पीओपी घाला, पीओपीत पाणी नको, प्रमाण दोन भाग पीओपीला एक भाग पाणी. दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होते. उरलेले मोरीत ओतू नका, नळी कायमची बुजते.

रंग: उंचीचे नकोत, खडकांचे

सखल हिरवे आणि उंच तपकिरी ही शालेय रीत इथे घातक आहे. त्या रंगात लिबियाचे वाळवंट हिरवेगार दिसते आणि इथिओपियाची पावसाळी, शेतीची पठारे उजाड. उंची तर बोटांना कळतेच आहे, रंग खडकांच्या वयासाठी वापरा. भूशास्त्रीय नकाशांच्या आंतरराष्ट्रीय रूढीत सर्वात जुने गुलाबी, क्रिटेशस (डायनोसॉरांचा शेवटचा काळ) हिरवा, त्याच्या लगेच नंतरचा पॅलिओजीन नारिंगी आणि त्यानंतरचे पिवळे असतात. इथे तीच रीत सोपी करून घेतली आहे.

गडद गुलाबी म्हणजे खंडाचे स्थिर गाभे, ज्यांना क्रेटॉन म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत दोन तुकडे: उत्तरेला मॉरिटानियाकडे रेगिबात, दक्षिणेला लायबेरिया-आयव्हरी कोस्टकडे मान, मधे ताउदेनीचे गाळाचे आवरण. काँगोच्या बशीखाली आणि तिच्या कडांवर काँगो क्रेटॉन, पूर्वेला टांझानिया, दक्षिणेला झिंबाब्वे आणि कापव्हाल. कापव्हालवरच बार्बर्टनचे ३५० कोटी वर्षांपर्यंत जुने खडक आहेत, आणि १८८६ मध्ये सोने सापडले ते विटवॉटर्सरँडही. झिंबाब्वेचा ग्रेट डाइक, म्हणजे गोठलेल्या मॅग्माची लांबट पट्टी, ५५० किमी लांब पण जास्तीत जास्त ११ किमी रुंद, म्हणून ब्रश नको, बारीक पेनाने साडेपाच सेंमीची रेघ ओढा.

फिका गुलाबी या गाभ्यांना शिवणाऱ्या पट्ट्यांसाठी. साधारण ६० ते ५० कोटी वर्षांपूर्वी गाभे एकमेकांवर आदळून गोंडवन जुळले तेव्हाचे हे पट्टे. मोझांबिकपासून वर सुदानपर्यंतचा त्यातला सर्वात लांब. खचदरीच्या शाखा बहुतांशी याच जुन्या शिवणींवरून जातात आणि टांझानियाच्या गाभ्याला वळसा घालतात. हा मेळ नीट रंगवला तर नकाशा पाहणाऱ्याला दरी दुभंगण्याचे कारण न सांगताच कळते.

दक्षिण आफ्रिकेतल्या करू खोऱ्याला राखाडी. हे थर ३० ते १८ कोटी वर्षांदरम्यानचे. त्यांच्या तळाशी हिमनद्यांनी सोडलेले दगडगोटे, वर कोळसा. चंद्रपूरचा कोळसा याच गोंडवन काळातला आहे. त्यांच्यावरचा लेसोथोचा बेसाल्ट जांभळा करा, त्याखाली फिकी पिवळसर रेघ. व्हिक्टोरिया धबधबाही याच काळातल्या बेसाल्टवरून कोसळतो, तिथे जांभळा ठिपका द्या. केपच्या जुन्या वली पर्वतांना तपकिरी, ॲटलासला नारिंगी. दोन्ही वली आहेत, पण केपच्या वळ्या सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या आणि ॲटलासचा उठाव बराच अलीकडचा.

इजिप्त, सुदान आणि लिबियाच्या नुबियन वालुकाश्माला हिरवा. पिवळा फक्त तरुण गाळाला आणि वाळूला: कलहारी, चाड, काँगोचा मध्य, नायजर आणि नाईलचे त्रिभुज प्रदेश. सगळे सहारा पिवळे करण्याचा मोह आवरा. वाळूच्या टेकड्या त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यातच आहेत, बाकी दगडगोट्यांची मैदाने आणि उघडे खडकाळ पठार. लाल रंग तरुण ज्वालामुखींना. इथिओपियाचा मोठा लाल डाग सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, केनिया, विरुंगा, कॅमेरून, तिबेस्ती आणि दारफूरचे छोटे.

टाचण्या

६० पटीत किलिमांजारो डोंगर राहत नाही, सुई होतो. त्याचा पाया नकाशावर जेमतेम ७-८ मिमी आणि उंची ३५ मिमी. मातीने शंकू केला तर तो कुतुबमिनारासारखा दिसतो आणि मुलांना वाटते आफ्रिकेत असले सुळके आहेत. म्हणून टाचणीच बरी. ती फक्त उंची सांगते, आकाराचा दावा करत नाही. पायथ्याशी थोडा लगदा गोल पसरून डोंगराचा पसारा दाखवा.

टाचणीची उंची समुद्रसपाटीच्या थरापासून मोजायची, ज्या थरावर ती खोचली आहे तिथून नव्हे. किलिमांजारो ३५ मिमी, माउंट केन्या ३१, रुवेंझोरी ३१, इथिओपियातला रास दशेन २७, मोरोक्कोचा तुबकाल २५, कॅमेरून २४, थाबाना न्टलेन्याना २१. किनाऱ्याच्या थरावर उभे राहील असे पुठ्ठ्याचे मापक कापून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी पट्टी लावावी लागत नाही.

डोक्याचा रंग डोंगराच्या जन्मावरून ठरवा. ज्वालामुखी लाल, वली पर्वत नारिंगी, लाव्ह्याचे झिजलेले पठार जांभळे. रुवेंझोरीला गुलाबी द्या. ५,१०९ मीटर उंच, माथ्यावर बर्फ, शेजारी विरुंगाचे ज्वालामुखी, त्यामुळे सगळे त्यालाही लालच देतात. प्रत्यक्षात तो गट पर्वत आहे, खचदरीच्या कडेला जुन्या स्फटिकी खडकांचा उचलला गेलेला ठोकळा. किलिमांजारोची टाचणीही दरीच्या फटीत खोचू नका, तो पूर्व शाखेच्या बाहेर, पूर्वेला आहे.

सूचीत आडवे प्रमाण, उभे प्रमाण आणि ‘उंची ६० पट’ हे तिन्ही लिहा. वर वॉर्निश द्यायचे तर मॅट द्या. चकचकीत वॉर्निशवर उजेड चमकतो आणि उतार दिसेनासे होतात.

दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यातून, वायव्येकडून, तिरका पडू द्या. उजेड वरून येतो असे डोळा धरूनच चालतो. नकाशा भिंतीवर टांगून दिवा खालून लावला तर टांगानिकाची दरी डोंगराची रांग दिसायला लागते आणि इथिओपियाचे पठार खड्डा.